दोन पुरुष पाणी

“आजचो दिवस तरी जाव नको गो,” आई दारात आडवी उभी राहून म्हणाली. एका हातात खोबऱ्याची कवड, दुसऱ्या हातानं चौकट धरलेली.

मी तिच्या हाताखालून वाकून अंगणात उतरलेच. “आये, सांगलीसून बायकांचो ग्रुप इलो हा. तेंका बाईच होयी खाली न्हेवक. बाबलशेट फोनावर फोन करतत. जातंय नि येतंय.”

“आणि केस? पावणे चायच्या टायमाक येतले. ओल्या केसांनी बसतलंस तेंच्यासमोर?”

“ऊन काय कमी हा? सुकतले.”

“आणि तोंडावरचा ता?”

‘ता’ म्हणजे मास्कचा वळ. पाण्याखाली जाताना डोळे आणि नाक झाकणारा रबरी मास्क घट्ट बसवावा लागतो. सकाळभर तो लावून उतरलं की कपाळापासून गालांवरून थेट वरच्या ओठापर्यंत लाल रेघ उठते. मला तिची सवय झाली होती. आईला ती रेघ पोरीच्या तोंडावर कुणी कोळशानं ओढल्यासारखी वाटायची.

“पावडर लावतंय,” मी म्हटलं आणि सायकल काढली.

हे मालवणचं, मे महिन्यातलं. त्या वर्षी माणसं नुसती लोटली होती. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी जाळी सुकत असत, तिथं आता नारिंगी जॅकेटं सुकत होती. बाबांनी बोटीवरची जाळी उतरवून बाकडी बसवली होती आणि सकाळी पुण्याच्या माणसांना डॉल्फिन दाखवायला नेत होते. शेजारच्या शंकरकाकानं गोठा पाडून त्यावर दोन खोल्या चढवल्या होत्या, एसीसकट. आणि मी बी.कॉम. होऊन किल्ल्याजवळच्या पाण्यात पर्यटकांना स्कुबासाठी खाली नेत होते. बाबलशेटच्या त्या सेंटरवर मी एकटीच मुलगी.

आईनं अर्धं आयुष्य बाजारात मासे विकण्यात घालवलं होतं. पोरीला तरी या खाऱ्या पाण्यातून बाहेर काढायचं, हे तिचं जुनं ठरलेलं. पोरीनं शिकूनसवरून त्याच पाण्यात बुडी मारावी, हे तिच्या डोक्यात बसेना. कोल्हापूरचं स्थळ आलं तेव्हा तिनं मध्यस्थ मावशीला माझ्याबद्दल सांगितलं, “चेडू ऑफिसात कामाक असा.” माणसं आमच्याच गाबित समाजातली, मूळची दर्यावरची मच्छीमार, पण पूर्वीच घाटावर गेलेली. मुलगा कारखान्यात सुपरवायझर. स्थळात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. लग्न ठरलं की काम सोडायचं, असं आईनं माझ्याकडून वदवून घेतलं होतं. मी हो म्हटलं होतं, कारण नाही म्हणायला मला धड कारण सापडत नव्हतं. पाण्याखाली बरं वाटतं, हे काय कुणाला सांगायचं कारण आहे?

सांगलीच्या बायका मजेच्या होत्या. एकीला खाली नेलं की बाकीच्या वर देवाचा धावा करायच्या, आणि ती वर आली की तिलाच खोटं पाडायच्या, “गेलीच नाहीस तू, शिडीला धरून बसली होतीस!” सगळ्या आटोपल्या आणि बोटीत एकच गिऱ्हाईक उरलं. साठीचे गृहस्थ, पांढऱ्या मिशा, सुटलेलं पोट, डायव्हिंगच्या काळ्या सूटमध्ये अंग कसंबसं कोंबलेलं. दुसरा गाइड सचिन कॅमेरा सांभाळत होता, म्हणून ते माझ्या वाट्याला आले.

“काका, पोहायला येतं?” मी विचारलं.

“गाबित आहे मी,” ते छाती काढून म्हणाले. “वेंगुर्ल्याकडचे आम्ही. वडिलांचं गलबत होतं.”

मग काय विचारायचं राहिलं? मी त्यांना नळी तोंडात धरून श्वास घ्यायला शिकवलं, खुणा दाखवल्या. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर न्या’. मस्त असेल तर बोटांची गोल चकली करायची. ते प्रत्येक गोष्टीला जोरजोरानं मान हलवत होते. आता कळतं की ते तेव्हा काहीच ऐकत नव्हते.

तिथं पाणी काही फार नसतं. दोन पुरुष पाणी, म्हणजे एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहिला तर वरच्याचं डोकं बाहेर येईल इतकं. पण घाबरलेल्या माणसाला दोन पुरुष काय आणि दोनशे काय. निम्म्यावर गेलो असू, त्यांनी खाली पाहिलं आणि एकदम हातपाय झाडायला सुरुवात केली. तोंडातली नळी सुटली. मी ती पुन्हा लावायला गेले तर त्यांनी माझी मान धरली, दोन्ही हातांनी, जणू मी झाड होते. माझा मास्क सरकला, डोळ्यांत पाणी गेलं, काही दिसेना. तेवढ्यात मला एवढंच सुचलं की यांना ढकलायचं नाही. ढकललेला माणूस आणखी घट्ट धरतो. मी उलट त्यांना छातीशी ओढलं, पट्ट्याला धरलं आणि पायांनी वर रेटत नेलं.

वर आल्यावर ते शिडीला चिकटले. खोकले, ओकले, पुन्हा खोकले. मी पाठ चोळत राहिले.

“जमीन नव्हती खाली,” ते म्हणाले.

“होती काका. वाळू होती.”

“मला दिसली न्हाई.” मग माझ्याकडं न बघता, “पोहायला येत न्हाई मला. तलावातसुद्धा कधी उतरलो न्हाई.”

“मग मघाशी—”

“बायको, मुलगा किनाऱ्यावर आहेत. मुलगा लहान होता तेव्हापासून सांगत आलोय त्याला. दर्यात पोहायचो, बुड्या मारायचो, गलबतावर झोपायचो. सगळं माझ्या बापाचं. मी चालायला लागायच्या आधीच आम्ही घाटावर गेलो.” त्यांनी मिशीवरचं पाणी पुसलं. “काल इथं आल्यावर तो म्हणाला, बाबा, उतरा की. त्याला काय, तो कौतुकानंच म्हणाला.”

बोटीवरून सचिननं खूण केली, सोड, वर घे. नियमानं तेच करायला हवं होतं. ज्याला नको असेल त्याला आम्ही कधी ओढत नाही. मी त्यांना शिडी दाखवली. “चला, वर बसा. मासे दिसले म्हणून सांगा घरी, आमच्यापैकी कोणी काही बोलणार नाही.”

त्यांनी शिडीच्या पायरीवर पाय ठेवला. मग काढला.

“तू परत नेशील?”

“तुम्ही म्हणाल तिथपर्यंतच. तिथून वर.”

“मला धरशील का?”

“सोडणारच नाही. खाली बघायचं नाही, मासेबिसे काही बघायचं नाही. माझ्या डोळ्यांकडं बघायचं.”

आधी शिडी धरून नुसतं तोंड पाण्यात घातलं. मग मान. मग दोरीच्या आधारानं हातभर. दर वेळी मी बोटांची चकली करून विचारायची आणि ते विचार करून उत्तर द्यायचे. काचेपलीकडं त्यांचे डोळे इतके मोठे झाले होते की मला दुसरं काही दिसतच नव्हतं. असे उतरत उतरत आम्ही खडकापाशी पोचलो. मी त्यांचा हात वाळूत टेकवला. त्यांनी मूठभर वाळू उचलली, पाण्यात सोडली, ती धुरासारखी पसरताना बघितली. मग पट्टेरी माशांचा एक थवा आमच्या दोघांमधून गेला आणि त्यांनी माझ्यावरची नजर पहिल्यांदा काढून त्या माशांमागं वळवली. सचिन कॅमेरा घेऊन आमच्याभोवती फिरत होता.

आम्ही वर आलो. बोट किनाऱ्याला लागली, गर्दीत ते दिसेनासे झाले. मी सायकल मारत घरी पळाले.

आईनं मला खुर्चीत बसवून टॉवेलनं केस इतके चोळले की डोकं बधिर झालं. वळावर पावडरचे दोन थर दिले. “मीठ लागता गो तुझ्या कपाळाक,” ती पुटपुटली. “हयसून इतक्या लांब पोचवतंय तुका, थय तरी बरी ऱ्हव.”

पाहुणे आले. मावशी पुढं, तिच्यामागं मुलगा हेमंत, मग त्याची आई सुलभाताई, शेवटी वडील. बाबांनी “येवा, येवा” म्हणत सगळ्यांना बसवलं. मी आत शिरवाळ्यांच्या, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या, बशा भरत होते, नारळाचा रस ओतत होते. ट्रे घेऊन बाहेर आले, मान खाली, आईनं शिकवल्यासारखी. पहिली बशी मुलाच्या वडिलांना द्यायची. मी वाकले, “घ्या,” म्हटलं, आणि वर पाहिलं.

पांढऱ्या मिशा.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सकाळी त्यांनी माझे डोळे जितका वेळ पाहिले होते तितका वेळ बहुधा आयुष्यात कुणाचे पाहिले नसतील. ओळख पटली ती मला त्यांच्या हातावरून कळली. बशी हलली आणि रस पँटवर सांडला.

“काय हो!” सुलभाताई म्हणाल्या.

“काही न्हाई, काही न्हाई,” ते म्हणाले.

मी समोरच्या खुर्चीत बसले. माझ्या मनात एकच, हे आता सांगणार. आणि मग माझ्या लक्षात आलं, त्यांच्याही मनात तेच चाललं असेल. मी ऑफिसातली मुलगी होते आणि ते दर्यात वाढलेले गाबित होते. दोघांनाही दुसऱ्याचं ठाऊक होतं.

सुलभाताई बऱ्या बाई होत्या. त्यांनी शिक्षण विचारलं, भाकऱ्या येतात का विचारलं. “काम कसलं करतेस?”

“ऑफिसात असा,” माझ्याआधी आईच बोलली. “पर्यटनाचा. हिशोब नि बुकिंग.”

काकांनी शिरवाळ्यात बोट फिरवलं.

“पर्यटनावरून आठवलं,” हेमंत उत्साहानं म्हणाला. त्यानं मोबाईल काढला. “आमच्या बाबांनी आज काय केलंय बघा. आत्ताच व्हिडिओ पाठवलाय सेंटरवाल्यांनी. या वयात स्कुबा! पहिल्या झटक्यात तळाला. रक्तात असतं म्हणतात ते काही खोटं नाही.”

“राहू दे रे,” काका म्हणाले.

पण फोन निघाला होता. बाबांनी पाहिला, “वा वा” म्हटलं आणि माझ्याकडं एकदा चोरून बघितलं. मावशीनं पाहिला. मग सुलभाताईंनी. “हा बरोबरचा पोरगा चांगला आहे हो. कसं लेकरासारखं धरलंय यांना. हात सोडत नाही बघा.”

फोन आईकडं आला.

आईनं आजवर मला पाण्याखाली पाहिलं नव्हतं. कुणी व्हिडिओ दाखवू लागलं तर ती उठून जायची. आता पाहुण्यांसमोर उठता येईना. तिनं फोन लांब धरला, चष्मा नव्हता म्हणून. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. त्या काळ्या सूटमध्ये, मास्कमध्ये, नळीमध्ये माणूस ओळखू येणं शक्य नाही. सुलभाताईंनी पोरगाच म्हटलं होतं. पण आईचा अंगठा पडद्यावर थांबला आणि ती हलेनाशी झाली.

“हा पोरगा कोण म्हणायचा?” सुलभाताईंनी सहज विचारलं. “काही बक्षीस दिलं का हो त्याला?”

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते देव जाणे.

“पोरगा न्हाई तो,” काका म्हणाले. त्यांनी बशी खाली ठेवली. “ही बसली आहे ती.”

हेमंत हसला. त्याला ती थट्टा वाटली.

“आणि पहिल्या झटक्यात न्हाई गेलो मी, हेमंत. पहिल्यांदा गेलो तेव्हा घाबरून हिची मान आवळली. ही होती म्हणून वर आलो, न्हाईतर आज तुम्ही इथं शिरवाळे खात बसला नसता. मग परत हिनंच नेलं. मला पोहायला येत न्हाई. कधीच येत नव्हतं.” ते बोलत होते मुलाशी, पण बघत होते जमिनीकडं. “गलबत, बुड्या, सगळं तुझ्या आजोबांचं. मी नुसतं सांगत आलो.”

हेमंतचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मग तो म्हणाला, “मग तर भारीच की, बाबा. पोहता येत नसताना गेलात?”

काकांनी वर पाहिलं. त्यांच्या तोंडावर असं काही उमटलं की मी नजर दुसरीकडं वळवली.

सुलभाताईंना मात्र हे सगळं एकदम पचेना. नवऱ्याचं एक आणि मुलीचं एक. त्या सावरून बसल्या. “हे बघा, मला तिचं कौतुकच आहे. हिनं आमचा माणूस वाचवला. पण लग्नानंतर हे नको. कोल्हापुरात कुठं आलाय समुद्र? आणि रोज असं जिवावरचं... हे थांबवणार असेल तर आम्हाला मुलगी पसंत आहे.”

सगळे माझ्याकडं वळले. मला ‘हो’ म्हणायचं होतं, तसं ठरलं होतं. मी खुर्चीची कड घट्ट धरली.

“परत लाव बघूया ह्या,” आई म्हणाली. फोन अजून तिच्याच हातात होता. हेमंतनं पुढं होऊन व्हिडिओ पुन्हा लावून दिला. यावेळी तिनं तो शेवटपर्यंत पाहिला, त्या थव्यापर्यंत, आणि मग फोन पदरानं पुसून हेमंतला परत केला.

“वयनी,” ती सुलभाताईंना म्हणाली, “तुमचा घर चांगला, झील हेमंत चांगलो. पण ता काय जमाचा नाय.”

“काय जमायचं नाही?”

“थांबवचा. मीच म्हणी होतंय थांबव म्हणान. पण आता कसा सांगू?” तिनं माझ्याकडं हात केला, पण बघितलं नाही. “आमचा चेडू पाण्यातला असा. कोल्हापुरात न्हेऊन तेचा काय करतलास?”

बाबा खोकले. मावशीनं कपाळाला हात लावला. खुर्चीची कड मी अजून धरूनच होते. ती सोडली तेव्हा बोटं दुखत होती.

स्थळ मोडलं म्हणजे भांडण होईल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. सुलभाताई थोडा वेळ घुश्शात होत्या, मग त्यांनीच आईला विचारलं, “रसात गूळ कुठला घालता हो?” आणि काकांनी माझ्याकडं रिकामी बशी पुढं केली. “आणखी मिळतील का? मघाशी चवच कळली न्हाई.”

निघताना ते अंगणात जरा मागं रेंगाळले. “पोरी, पावडर पुसून टाक,” ते म्हणाले. “उन्हात खाजंल.”

आता माझी स्वतःची बोट आहे. दोन मुली माझ्या हाताखाली तयार झाल्या, त्या आता माझ्यापेक्षा सफाईनं खाली नेतात. माझं लग्न पुढं देवगडला झालं, रीतसर, ओल्या केसांनी. काका एकदा सगळं गोत घेऊन आले. सगळ्यांना खाली पाठवलं आणि स्वतः बोटीत बसून शेंगदाणे खाल्ले.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. पाहुणे गेले, मावशी फणफणत गेली, बाबा किनाऱ्यावर सटकले. आई मोरीत भांडी घासत होती. मी तोंड धुऊन मागच्या पडवीत जेवायला बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आता बोलणी बसतील म्हणून मी मान घालून वाट बघत होते.

“खाली वारो असता काय गो?” आईनं विचारलं.

मला आधी कळेना. “खय?”

“खाली. पाण्यात.”

“वारो नाय. पाणीच हळूहळू ओढता, वाऱ्यासारख्या.”

तिनं एक टोप विसळला. “आणि आवाज?”

“आपल्या श्वासाचो. दुसरो नाय.”

“तेणी मान धरल्यानी तेव्हा तू काय केलंस?”

मी सांगितलं. ढकललं नाही, जवळ ओढलं, ते सांगितलं. तिचे हात थांबले होते. नळ तसाच वाहत होता. मग तिनं आणखी विचारलं, दिसतं किती लांबचं, मासे अंगाला लागतात का, वर आल्यावर कसं वाटतं.

“वर इल्यावर भूक लागता,” मी म्हटलं. “खूप.”

“मगे ह्या आदी सांगूचा नाय काय?” ती म्हणाली, आणि ओल्या हातांनीच पातेलं उचलून उरलेले सगळे शिरवाळे तिनं माझ्या ताटात उलटे केले.